झुडूप पंधरा वर्षांचं, ठेका एका वर्षाचा

सार्वजनिक बागेतल्या गुलाबाच्या वाफ्यापाशी गेलात की आधी फुलाकडे बघू नका. खाली वाका आणि झुडपाचं बूड बघा. जमिनीलगत एक जाडसर गाठ दिसेल. तो कलमाचा जोड. जोडाच्या खाली खुंट, म्हणजे काटक, रानटी गुलाब. आपल्याकडे बहुधा मल्टीफ्लोरा किंवा इंडिका. जोडाच्या वर डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बसवून वाढवलेली जात, जिच्या फुलासाठी आपण बागेत आलो ती. आता नवे फुटवे कुठून आलेत ते पाहा. जोडाच्या वरून अंगठ्याएवढा जाड, तांबूस, रसरशीत फुटवा आला असेल तर ती पुढच्या दोन-तीन वर्षांची फुलं देणारी काडी आहे. जोडाच्या खालून किंवा मातीतून आला असेल तर तो चोर आहे. मुळांनी गोळा केलेलं सगळं तो स्वतःकडे ओढतो आणि वरची जात उपाशी मारतो.

फरक चार बोटांचा, पण सार्वजनिक गुलाबबागेचं नशीब त्या चार बोटांत ठरतं. न शिकवलेला मजूर दोन्ही फुटवे 'रान' समजून छाटतो, किंवा दोन्ही तसेच ठेवतो. पहिल्या चुकीने झुडूप म्हातारं होतं, दुसरीने ते दुसरंच होऊन बसतं. चार वर्षांनी सगळ्या वाफ्यात एकाच प्रकारची बारकी, झुपक्यातली, फिकट फुलं दिसू लागली, की लोक म्हणतात, "इथली माती गुलाबाला मानवत नाही." मातीचा काही दोष नसतो. बाग खुंटाने गिळलेली असते.

गुलाबबाग बांधायला पैसा मिळतो आणि राखायला हात मिळत नाही, हे बहुतेक शहरांचं दुखणं आहे. माझं म्हणणं त्याहून नेमकं आहे. हात मिळतात, पण वर्षभरापुरते. नीट राखलेलं हायब्रिड टी गटाचं, म्हणजे एका देठावर एकच मोठं फूल देणारं, झुडूप आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षं फुलतं. उद्यानाच्या देखभालीचा ठेका मात्र एक वर्षाचा निघाला, की एप्रिलमध्ये आलेला ठेकेदार मार्चमध्ये जातो. त्याने श्रावणात जपलेला फुटवा पुढची दोन-तीन वर्षं फुलेल तेव्हा बिल दुसऱ्याच्या नावावर निघणार. मग त्याने तो का जपावा? त्याला पैसे मिळतात ते कापलेल्या गवताचे, झाडलेल्या वाटेचे आणि उचललेल्या कचऱ्याचे, कारण मोजता येतं तेवढंच निविदेत लिहिलेलं असतं. माणूस वाईट नसतो, करार चुकीचा असतो.

नाशिकमध्ये याची खंत जास्त वाटते. मोगल अमदानीत या शहराला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग, पण आपण हौसेने 'गुलाबांचं शहर' असाच अर्थ लावतो. जानोरी, मखमलाबाद या भागातले शेतकरी गुलाब पिकवतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे छाटणी ही कला या जिल्ह्याच्या हातात मुरलेली आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, उतरणारा माणूस काडीची जाडी बोटांनी ओळखतो, डोळा फुगलाय की झोपलाय हे सांगतो, आणि छाटणीपासून मालापर्यंतचे दिवस मोजून बाग धरतो. गुलाबाला नेमकं हेच लागतं. रोगांची नावंसुद्धा ओळखीची. भुरी, म्हणजे पानांवर बसणारा पांढरा थर, इथे आणि तिथेही, फक्त बुरशी वेगळी. तरीही शहरातल्या बागेत गुलाबाला कात्री लावणारा माणूस बहुतेक वेळा कुंपणाची मेंदी कापणाराच असतो, आणि तो गुलाबही मेंदीसारखाच वरून सपाट कापतो.

सपाट कापल्याने काय बिघडतं ते सांगायला हवं, कारण निविदेत नेमकं हेच लिहावं लागणार आहे.

नाशिकला गुलाबाची मुख्य छाटणी परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करायची. आधी मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढायच्या. मग चार ते सहा निरोगी, वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या काड्या ठेवायच्या आणि झुडूप मधून मोकळं, वाटीसारखं करायचं. हायब्रिड टी जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर कापायचं. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाची उंची तिसऱ्या हिश्शाने कमी केली तरी पुरते. वेलगुलाबाला जवळजवळ हात लावायचा नाही, फक्त वाळलेलं काढायचं. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर, आणि डोळ्यापासून दूर उतरता. त्याहून उंच कापलं तर वरचा ठोंब वाळतो आणि वाळण खाली सरकत जाते. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. कापल्यावर काडीचा गाभा बघायचा. पांढरा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर पांढरा लागेपर्यंत खाली यायचं, मग झुडूप कितीही बुटकं होवो. फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते त्या डायबॅकवर गाभा तपासण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, प्रत्येक कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी बादलीत नाही. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, झुडपागणिक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. छाटणीचा पाला वाफ्यात पडू द्यायचा नाही, कारण काळ्या ठिपक्यांचा रोग त्याच पाल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. मग झुडपामागे पाचेक किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड आळ्यात मिसळून पाणी. येथून साधारण ४५ दिवसांनी पहिला बहर येतो. थंडी कडक पडली तर पाच-सात दिवस पुढे जातो.

वरून सपाट कापलेल्या झुडपात आतली गर्दी तशीच राहते, डोळे आतल्या बाजूला फुटतात, हवा खेळत नाही, आणि डिसेंबरात रात्री थंड झाल्या की सगळ्यांत आधी तिथेच भुरी बसते. फुलं येतात, पण बारीक देठावर आणि मान टाकलेली. बघायला आलेला माणूस जातीला नावं ठेवतो.

याला वेळ किती लागतो? सरावलेल्या हाताला एका झुडपामागे दहा मिनिटं धरा. ४०० झुडपांना ४,००० मिनिटं, म्हणजे दिवसाचे सहा तास हात चालला तर एका माणसाचे अकरा दिवस. दोन माणसं एका आठवड्यात संपवतील. एवढ्या कामासाठी कुठल्याही महापालिकेचं अंदाजपत्रक कोलमडत नाही. पण ४,००० झुडपं लावली तर हेच काम ११० माणूस-दिवसांचं होतं, मग ते मेंदीच्या कात्रीने उरकलं जातं. म्हणून उद्घाटनाच्या भाषणात झुडपांचा आकडा जितका मोठा, तितकी मला बागेची काळजी जास्त वाटते. चंदीगडचं झाकिर हुसेन रोझ गार्डन १९६७ पासून तीस एकरांवर उभं आहे आणि त्याचा उत्सव दर फेब्रुवारीत, झुडपांच्या वेळापत्रकाने भरतो. तो आकार बघून मोह होतो. पण नाशिकला आज पाऊण एकरात ४०० झुडपं आणि ती ओळखणारा एक माळी पुरेसा आहे. ते पाच वर्षं टिकलं तर पुढची ४०० लावावीत. उटीचंही अनुकरण नको. १९९५ साली उभारलेली तिथली बाग २,२०० मीटर उंचीवर आहे, नाशिक सहाशेच्या आसपास. तिथल्या छाटणीच्या तारखा आणि तिथे मे महिन्यात दिसणारी फुलं यांचा इथे काही उपयोग नाही.

जागा निवडतानाच निम्म्या बागा हरतात. लॉनच्या मधोमध गोल वाफा करून गुलाब लावायची पद्धत सगळीकडे दिसते, आणि ती सगळ्यांत वाईट. लॉनला रोज थोडं पाणी हवं असतं, गुलाबाला दोन-तीन दिवसांआड खोल. लॉनवरचे तुषार संध्याकाळी गुलाबाची पानं भिजवतात, रात्रभर पान ओलं राहतं, आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला सात-आठ तासांचा ओलावा पुरतो. पाऊस नसतानाही पावसाळी रोग येतो तो असा. गुलाबाला ठिबक हवं, लॉनला तुषार, आणि दोघांत किमान तीन फुटांची फरशीची किंवा मुरमाची वाट. मोठ्या झाडाच्या मुळांपासून लांब, दिवसाला सहा तास ऊन येईल अशी जागा. काळ्या मातीत वाफा जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट उंच उचललेला, त्यात पोयटा, शेणखत आणि निचऱ्यासाठी मुरूम किंवा जाड वाळू. वाफ्यात दोनच ओळी, झुडपांत अडीच फूट. रुंदी साडेचार-पाच फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे माळ्याचा हात दोन्हीकडून मधल्या बुडापर्यंत पोचतो आणि बघणाऱ्याला मातीत पाय न ठेवता वास घेता येतो. वाट सहा फुटांची, सपाट. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या आजींनाही फुलापर्यंत पोचता आलं पाहिजे.

नव्या पालवीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की ठेकेदार युरिया टाकतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत बहुतेक वेळा ती लोहाची कमतरता असते. जमिनीत लोह असतं, पण सामू (पीएच) वाढल्याने मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, लोह द्यावं, सेंद्रिय खत वाढवावं. युरियाने कोवळी फूट वाढते आणि मावा, फुलकिडे आमंत्रण दिल्यासारखे येतात. मेलेल्या गुलाबाच्या त्याच खड्ड्यात नवं रोप खोचणं, तेही मे महिन्यात, नांगी, म्हणजे मेलेल्या रोपाची रिकामी जागा, दिसू नये म्हणून, ही दुसरी नेहमीची चूक. जुन्या गुलाबाच्या मातीत नवा गुलाब खुरटतो. दीड फूट खोल माती बदलावी लागते आणि नांगी भरायची ती पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऑक्टोबरनंतर.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला असा की पाच वर्षांचा ठेका दिला तर ठेकेदार निर्धास्त होऊन झोपेल. होईल, जर मोजमाप गवताचंच राहिलं तर. मोजायचं काय, ते बदला. दर वर्षी १५ डिसेंबरच्या सुमारास वाफावार मोजणी: किती झुडपं जिवंत, किती खुंटावर गेली, किती झुडपांना जोडाच्या वरून या वर्षीची नवी काडी आहे, किती नावांच्या पाट्या जागेवर. चार आकडे. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी एका सकाळी ते मोजू शकतात आणि ते फाटकावर लावता येतात. बिलाचा चौथा हिस्सा या आकड्यांवर ठेवा, आणि करारात छाटणाऱ्या माणसाची परीक्षा घाला. त्याच्यासमोर एक झुडूप ठेवायचं आणि चोर फुटवा कुठला ते विचारायचं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन कायमचे माळी, पण भरती होत नाही तोवर निदान करार तरी झुडपाच्या वयाला शोभेल असा हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गुलाब पाणी मागतो, औषधं मागतो, मग शहराने देशी झाडंच का लावू नयेत? सावलीच्या झाडाच्या जागी गुलाब लावणार असाल तर मीही विरोधच करीन. पण ४०० झुडपांची बाग ही शहराच्या हिरवाईला पर्याय नाही, ती संग्रह आहे, वस्तुसंग्रहालयासारखी. औषधांचा प्रश्न बराचसा जातीच्या निवडीने सुटतो. 'डबल डिलाइट' आणि 'पापा मेयाँ' यांचा वास विसरता येत नाही, पण दोन्ही भुरीला चटकन बळी पडतात. त्यांची दहा-दहा झुडपं पुरेत. बागेचा कणा 'क्वीन एलिझाबेथ', 'आइसबर्ग', 'ग्लॅडिएटर' अशा दणकट जातींचा असावा. लाल कोळी ही पानातला रस शोषणारी बारीक कीड. ती एप्रिलमध्ये येते तेव्हा आधी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा, सकाळी, म्हणजे पान दुपारपर्यंत वाळतं. जी फवारणी टळत नाही ती बाग बंद असते त्या दिवशी करावी आणि फाटकावर तारीख व औषधाचं नाव लिहावं, कारण गुलाबाशी माणूस नाक लावतो. मुलं पाकळ्या तोंडात घालतात. त्या गुलकंदासाठी नेऊ नयेत, हेही त्याच पाटीवर हवं.

नावांच्या पाट्यांबद्दल मी आग्रही आहे. पाटी नसली तर गुलाब नुसता लाल, पिवळा, गुलाबी. पाटीवर जात, गट, तयार करणारा आणि वर्ष हवं, तेही देवनागरीत. 'पीस' हा फ्रान्सच्या मेयाँ यांचा गुलाब, दुसरं महायुद्ध संपत असताना १९४५ मध्ये त्याला 'शांती' हे नाव मिळालं. 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब डॉ. बी. पी. पाल यांचा. तेच गव्हाचे शास्त्रज्ञ आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. हे वाचून शाळेतलं पोर गुलाबाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतं. पाट्या चोरीला जातात, हे खरं. म्हणून वाफ्याचा नकाशा आणि नोंदवही कार्यालयात ठेवायची, म्हणजे पाटी गेली तरी नाव जात नाही. महापालिकेच्या पुष्पोत्सवात राजीव गांधी भवनात मांडलेली फुलं सुंदर असतात, पण ती कापलेली फुलं. झुडूप कसं उभं राहतं, कितीदा फुलतं, कुठल्या महिन्यात आजारी पडतं, हे फक्त बागेत कळतं.

फुलं तोडण्याचा प्रश्न 'फुले तोडू नयेत' या पाटीने सुटलेला नाही. सकाळी फिरायला आलेला माणूस देवासाठी फूल घेतो तेव्हा त्याला आपण चोरी करतोय असं वाटत नाही. तो मानेपासून फूल खुडतो, मागे लांब ठोंब राहतो, तो वाळतो, आणि डायबॅकला दार उघडतं. उलट पूर्ण उमललेलं फूल वेळेवर कापणं झुडपाला हवंच असतं. देठ खाली पाच पर्णिकांच्या, बाहेर तोंड असलेल्या पहिल्या पानापर्यंत कापला की पुढची फूट जोमात येते. तेव्हा माळ्याने रोज सकाळी सातपर्यंत अशी उमललेली फुलं बरोबर जागी कापून फाटकाजवळ टोपलीत ठेवावीत. ज्याला देवाला हवं त्याने एक न्यावं. उरलेली खतात. यात कुणाचं नुकसान नाही, आणि खुडणाऱ्याशी वाद घालण्यात माळ्याचा जाणारा वेळ वाचतो.

आता घाई आहे ती सिंहस्थाची. शहर सजवायला निधी येईल आणि त्यात गुलाबाची मागणी हमखास होईल. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, भर पावसाळ्यात. गुलाबाचा नाशिकमधला तो सर्वांत वाईट काळ: पानं काळ्या ठिपक्यांनी झडलेली, फुलं भिजून न उमलताच सडलेली. त्या दिवसांसाठी रस्त्यांवर गुलाब लावू नयेत. तेरडा, झेंडू, जास्वंद, तगर, कर्दळ पावसाला तोंड देतात. गुलाबाचा पैसा वेगळा ठेवून त्याच ऑक्टोबरात, गर्दी ओसरल्यावर, वाफे भरावेत. पहिली बरी फुलं जानेवारीत दिसतील आणि बाग म्हणण्यासारखं रूप दुसऱ्या हिवाळ्यात येईल.

बघायला जाणाऱ्यासाठी इतकंच. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते साडेनऊ. ऊन चढलं की वास उडतो. अर्धं उमललेलं फूल निवडा, कळीला वास कमी आणि फुटून गेलेल्याला नसतोच. नंतर एकदा ऑक्टोबरातही जा, एकही फूल नसताना. सगळे वाफे एकाच दिवशी न छाटता दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत छाटले तर छाटणीसाठी बाग कधीच बंद ठेवावी लागत नाही आणि बहरही महिनाभर पुरतो. बोडक्या झुडपांसमोर लोक वैतागतात, तर तिथे खडूने लिहायची एक पाटी लावावी: वाफा क्रमांक ३, छाटणी १८ ऑक्टोबर, फुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. खाली छाटणाऱ्या माळ्याचं नाव.